विचारणारी व्यक्ती

सोलापूरच्या अस्थि-अर्बुद संशोधन केंद्रात, तिसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत साडेचार हजार माणसं राहत होती, आणि त्यांतल्या एकालाही म्हणण्यासारखं काही दुखत नव्हतं. कुणाच्या मांडीत हाड सावरणारी सळई होती, कुणाच्या खुब्यात बनावट वाटी, कुणाच्या मणक्यात कर्करोग उतरलेला. पण वेदना विचारावी तर शून्य ते दहाच्या पट्टीवर एक. फार झालं तर दोन.

ही माणसं म्हणजे प्रतिदेह. रुग्ण दाखल झाला की त्याच्या हाडांची चित्रं, रक्त, चाल आणि आजवर दिलेली उत्तरं यंत्रात जात, आणि त्याची एक प्रत आत उभी राही. खऱ्या रुग्णाला एक उपचार द्यायचा, प्रतिदेहाला दुसरा, आणि सहा महिन्यांनी दोघांना एकच प्रश्नावली विचारायची. कुठला उपचार सरस ते कळायला दुसरा रुग्ण लागत नसे. शिवाय जे रुग्ण पुढे केंद्राकडे फिरकलेच नाहीत, त्यांच्या रिकाम्या चौकटीही प्रतिदेह बिनतक्रार भरत.

खऱ्या रुग्णांना फोन करून प्रश्नावली विचारायचं काम शैलजा बिराजदारचं. पदाचं नाव अनुसरण समन्वयक. सहा वर्षांत तिनं 'बरंय' या एका शब्दाच्या अकरा जाती वेगळ्या काढल्या होत्या. फोन उचलताच येणारं बरंय, श्वास घेऊन येणारं बरंय, मागून सून काहीतरी ओरडत असतानाचं घाईचं बरंय. निवृत्त मास्तरांचं 'उत्तम आहे' हे सगळ्यांत वाईट. ते म्हणणारा माणूस हमखास अंथरुणावर असायचा. प्रश्नावलीत मात्र या अकराही जातींना एकच चौकट होती.

त्या सोमवारी दहाच्या बैठकीत डॉ. मोहोळकरांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, "रुग्ण जे सांगतात आणि प्रतिदेह जे सांगतात, ते अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं. तेव्हा पुढच्या महिन्यापासून फोन बंद. शैलजाबाई, तुम्हाला मी नोंदणीकक्षात घेतोय. तुमची काही हरकत नाही ना?"

"हरकत नाही सर," शैलजा म्हणाली, आणि आपण हे का म्हणालो म्हणून स्वतःवरच चिडली.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. हात तर सोन्याचा. पण आपण विचारल्यावर माणसं खरं सांगतात, यावर त्यांची श्रद्धा होती; आणि ज्याला तीस वर्षं सगळे उठून नमस्कार करतात, त्याची ही श्रद्धा कुणी मोडत नाही.

"दुसरी गोष्ट," ते म्हणाले. "मांडीच्या हाडात कर्करोग उतरलेल्या रुग्णांचा प्रयोग संपला. नुसतं रेडिएशन दिलं काय आणि आधी सळई घालून मग रेडिएशन दिलं काय, सहा महिन्यांची वेदना सारखीच येते. एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक एक. मग कर्करोगानं आधीच थकलेल्या माणसाला भूल द्या, टेबलावर घ्या, कशासाठी? आजपासून ज्यांचं हाड चित्रात मोडेल की टिकेल अशा काठावर आहे, त्यांना सळई नाही."

"आज नरसम्मा गड्डम यायच्यात," शैलजा म्हणाली.

"त्यांचं चित्र काठावरचंच. जुन्या नियमानंही अशा वेळी वेदनेवरच ठरायचं. पाय टेकताना दुखत असेल, तर हाड मोडायच्या बेतात आहे असं समजायचं. त्यांची वेदना एक आहे. प्रतिदेहाचीही एक."

"सर, त्यांना दुखतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"फोनवर कळतं."

डॉक्टर समजूतदार हसले. त्या हसण्याचा शैलजाला सहा वर्षांत जितका वैताग आला होता, तितका केंद्राच्या लिफ्टचाही आला नव्हता.

नरसम्मा साडेअकराला आल्या. वय बासष्ट, चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं, छातीचा कर्करोग सात वर्षांपूर्वीचा, आता उजव्या मांडीत. घरात त्या आणि अर्धांगानं पडलेला नवरा; त्याला उठवणं-बसवणं सगळं त्यांच्याच अंगावर. ही मांडी मोडली तर घरातली उभी असलेली एकुलती एक व्यक्ती आडवी होणार होती. तपासणीच्या खोलीत शैलजा दाराशी उभी राहिली.

"काय आजी, पाय दुखतो का?" डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं.

"न्हाई साहेब. बरंय."

"पाय टेकताना?"

"वय झालं की व्हायचंच की थोडं. तुमच्या हाताला यश हाय."

"शून्य ते दहात किती द्याल?"

"एक लिवा," नरसम्मा म्हणाल्या, आणि साहेबांना वाईट वाटलं असेल की काय, म्हणून पुढे घातलं, "एकबी जास्तच होतंय."

ही सातवी जात. दयेचं बरंय.

शैलजा जिना चढून थेट तिसऱ्या मजल्यावर, यंत्राच्या खोलीत गेली. आत सांख्यिकीवाले फारूक नदाफ डबा उघडून बसले होते. हा माणूस कुणालाच नमस्कार करत नसे, कारण त्याची नजर सतत आकड्यांवर असे.

"नदाफ सर, तुमचं यंत्र खोटं बोलतं."

"यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम. बसा. मिरचीचा ठेचा घ्या."

"मग नरसम्माला दुखत नाही?"

"ते यंत्राला कुणी विचारलंय?" नदाफांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्याला दुखणं शिकवायला आपल्याकडे होतं काय? दुखणं मोजायचं उपकरण आहे का? नाही. आपण त्याला उत्तरं शिकवली. त्यामुळे ते एकच गोष्ट सांगतं, हा रुग्ण सहा महिन्यांनी काय *म्हणेल*. आणि ते अचूक सांगतं. अठ्ठ्याण्णव टक्के."

शैलजा ठेच्याकडे बघत राहिली. "म्हणजे हे लोक डॉक्टरांचं मन राखतात, ते यंत्र शिकलं."

"फार छान शिकलं. आपल्या कुठल्याही निवासी डॉक्टरपेक्षा सभ्य आहे."

"आणि मांडी मोडून जे घरीच पडले, फोन उचलत नाहीत, त्यांच्या चौकटीत?"

"ते काय म्हणाले असते, ते भरतं. बरंय."

शैलजानं डोकं धरलं. सहा वर्षं ती ज्या शब्दाशी झगडत होती, तो आता साडेचार हजार तोंडांनी, वातानुकूलित खोलीत, दिवसरात्र म्हटला जात होता.

"पण मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "शेऱ्यात. प्रश्नावली संपली, 'ठेवते हं' म्हटलं, की मग माणसं बोलतात. फोन ठेवायच्या आधी पाच मिनिटं. ते सगळं मी शेऱ्यात लिहायचे."

नदाफांचा घास हातातच राहिला. "शेरे यंत्रानं वाचलेत. सगळे. पण प्रश्नावलीत 'विचारणारी व्यक्ती' म्हणून एक चौकट आहे. तिथे सगळीकडे एकच नाव आहे, डॉ. मोहोळकर. तुम्ही फोन त्यांच्या वतीनं करता ना."

"'डॉक्टरसाहेबांनी विचारलंय', अशीच सुरुवात असते."

"शेऱ्यांवर मात्र तुमचं नाव. म्हणजे तुम्हाला काय सांगितलं जातं, तेही यंत्राला माहीत आहे. त्या नावानं त्याला कधी कुणी विचारलंच नाही." त्यांनी हात पुसले, नरसम्माचा प्रतिदेह उघडला, आणि चौकटीतलं नाव बदलून 'शैलजा बिराजदार, निरोपानंतर' असं लिहिलं.

एकचा आठ झाला.

मग नदाफांनी सगळ्या मांडीवाल्या रुग्णांच्या प्रतिदेहांना तोच प्रश्न त्याच नावानं लावला. सळई घातलेले, तीन. नुसतं रेडिएशन घेतलेले, साडेसात.

डॉ. मोहोळकरांना वर बोलावलं. त्यांनी पडदा पाहिला, खुर्ची ओढली, पुन्हा पाहिला. चारचौघांत कुणाला तरी पत्ता सांगावा आणि तो चुकीचा होता हे नंतर कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"हा यंत्राचा अंदाज आहे," ते शेवटी म्हणाले. "आजींनी माझ्या तोंडावर एक सांगितलाय. आपला नियम काय? रुग्णाचा शब्द आणि प्रतिदेहाचा शब्द यांत फरक पडला, तर रुग्णाचा शब्द धरायचा. हा नियम कुणी मागून घेतला होता?"

"मीच," शैलजा म्हणाली. दोन वर्षं भांडून घेतला होता. आता तोच नरसम्माच्या मांडीवर येऊन बसला होता.

"मग रुग्णाचाच शब्द घेऊ," नदाफ म्हणाले. "कुणी विचारायचं, ते नियमात नाही."

नरसम्मा खाली औषधांच्या खिडकीपाशी बाकावर बसल्या होत्या. शैलजानं नेहमीच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज तिघांनाही ऐकू येईल असा मोठा केला. फोनचं ध्वनिमुद्रण होतं आणि डॉक्टर ते ऐकू शकतात, हे नरसम्मांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं; त्यांची सही होती त्यावर. पण सही कागदावर असते आणि माणूस फोनवर.

"नरसम्मा, शैलजा बोलतेय. डॉक्टरसाहेबांनी विचारलंय, नेहमीचे प्रश्न घ्यायचेत."

"घ्या की बाई."

दुखतं का? न्हाई. झोप? लागती. जिना? चढती. किती? एक. बारा प्रश्न, बारा वेळा बरंय. डॉक्टरांनी नदाफांकडे 'बघा' अशा नजरेनं पाहिलं.

"झालं. ठेवते हं," शैलजा म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.

खोलीत यंत्राचा पंखा तेवढा ऐकू येत होता. डॉक्टर काही बोलायला पुढे झुकले. नदाफांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांच्यापुढे हात आडवा धरला.

"बाई," पलीकडून आवाज आला, मघापेक्षा खालचा. "हायसा का?"

"आहे."

"एक सांगू का? कुणाला म्हनू नका. सकाळी ह्यांना उठवायचं म्हनून पाय टेकला, तर डोळ्यापुढं अंधारी आली. खाटेला धरून उभी ऱ्हायली. दोन महिने झालं असं. आत कुणीतरी कानस फिरवल्यावानी होतंय. आता रात्रीचं चुलीपाशीच निजते, म्हंजे सकाळी जास्ती चालायला नको."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी एवढं केलं माझ्यासाठी. सात वर्स जगवलं. आता दुखतंय म्हनून कसं सांगू त्या मानसाला?"

"आकडा किती द्याल, नरसम्मा? मला."

"आठ. नऊ म्हनलं असतं, पन तुम्ही घाबरशीला."

इथं डॉ. मोहोळकरांना राहवलं नाही. माणूस भला, हेच त्यांना नडत असे. त्यांनी फोनशी तोंड नेलं. "आजी, मी मोहोळकर बोलतोय. इतकं दुखतं तर—"

पलीकडे काहीतरी पडल्यासारखं झालं. बहुधा त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"न्हाई साहेब," नरसम्मा स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या. "तसं कायबी न्हाई. बाईंशी आपलं बायकांचं बोलत होते. बरंय मला. एक."

नदाफांनी न सांगताच चौकटीतलं नाव बदललं. आठचा एक झाला. पुन्हा बदललं. एकचा आठ. कुणी दिवा लावावा-विझवावा तसा तो बदलणारा आकडा डॉक्टर बघत राहिले.

"हा सातचा फरक कसला?" त्यांनी विचारलं.

"तो आजार नाही, सर," नदाफ म्हणाले. "हे सात म्हणजे तुम्ही."

डॉक्टरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग टेबलावरचा कागद ओढून नरसम्मांच्या नावापुढे स्वतःच्या हातानं सळई लिहिली, उद्याचीच वेळ टाकली आणि विचारणारी व्यक्ती म्हणून शैलजाचं नाव घातलं. सकाळचा सळई बंद करण्याचा आदेशही त्यांनी फाडला. हे सगळं त्यांनी एकही सबब न सांगता केलं. शैलजानं मनातल्या नोंदीत तेवढं त्यांच्या बाजूला लिहिलं.

"म्हणजे आपले सगळेच प्रयोग पुन्हा तपासायला हवेत," ते उठत म्हणाले. "जिवंत रुग्ण किती असतील?"

"तीन हजारांवर," नदाफ म्हणाले.

"सगळ्यांना पुन्हा फोन. आणि ठेवते म्हटल्यावर थांबायचं. हे शैलजाबाईंशिवाय कुणाला जमणार नाही." ते दाराशी वळले. नुकतंच काहीतरी शिकलेल्या माणसाचा उत्साह त्यांच्या चेहऱ्यावर होता. "नोंदणीकक्ष रद्द. तीन हजार फोन. जमेल ना? काही अडचण नाही ना तुम्हाला?"

"नाही सर," शैलजा म्हणाली. "काही अडचण नाही."

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि समाधानानं खाली गेले.

जिन्यावरचा त्यांचा आवाज विरला. नदाफांनी डब्याचं झाकण लावलं. यंत्रावरचे हात काढून मांडीवर ठेवले. शैलजाकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही, उठलेही नाहीत.

पंखा फिरत राहिला.

"नदाफ सर," थोड्या वेळानं शैलजा म्हणाली, "आहात का? एक सांगू?"