डाव्या सीटवरचा टॉवेल

जरा सरकून बसा, सांगतो. अंथुर्ण्याचा कुंडलिक तुम्हाला ठाऊक असेल, कालव्याच्या कडेला ज्याचा टोमॅटोचा प्लॉट आहे तो. माणूस कष्टाळू, देवधर्म पाळणारा. खोड एकच. शेजाऱ्याचं चांगलं झालं की याच्या पोटात दुखायचं. आणि शेजारी होता सावळाराम.

सावळारामकडे जुनी डिझेल पिकअप होती. चौदा वर्षांची गाडी, पत्रा जागोजागी कुजलेला, पण ऐन थंडीत किल्ली जराशी फिरवली की हाफ सेल्फला चालू व्हायची. कुंडलिकचा माल त्याच गाडीतून बारामतीच्या मार्केटला जायचा. त्याचं खरं दुखणं तिथंच होतं. ड्रायव्हरशेजारची डावी सीट कायम रिकामी, आणि तिच्यावर घडी घातलेला पांढरा टॉवेल. तिथं कुणी बसायचं नाही, असा सावळारामचा नेम. भाडं मोजणारा कुंडलिक बारा वर्षं मागं हौद्यात, कॅरेटवर बसून गेला. पुढं सीट मोकळी, आणि हा थंडीवाऱ्यात ताडपत्रीचं टोक धरून. आता कुणालाही राग येईल हो.

एक समाधान मात्र त्याच्यापाशी होतं. त्याची बायको, रेश्मा. रेश्माला बघायला आधी सावळाराम गेला होता. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात कुणीतरी पोरीच्या मामाच्या कानावर घातलं की मुलाला फिट येते. स्थळ मोडलं, आणि महिन्याभरात तीच मुलगी कुंडलिकला सांगून आली. मामाच्या कानाशी लागला होता तो कुंडलिकच. पुढं सावळारामचंही लग्न झालं, चंद्राबाईशी. तो कधी चकार शब्द बोलला नाही. रेश्मा दिसली की खाली बघायचा, खिशातली ओव्याची चिमूट तोंडात टाकायचा आणि चालू लागायचा.

गेल्या दिवाळीनंतर सावळाराम गेला. गाडीतच, स्टिअरिंगवर डोकं टेकून. चंद्राबाईनं गाडी विकायला काढली तेव्हा कुंडलिक सगळ्यांच्या आधी तिच्या दारात हजर. किल्ली देताना ती एवढंच म्हणाली, "भावजी, डाव्या सीटवर कुणाला बसवू नका. त्यांनी मलाबी कधी बसू दिलं न्हाय."

"आता गाडी माझी हाय, वैनी."

घरी येऊन त्यानं पहिलं काम काय केलं असेल? टॉवेल उचलला आणि बांधावर उसाचं पाचट जळत होतं त्यात फेकला. मग रेश्माला हाक मारली, ठेवणीतली साडी नेसायला लावली, हाताला धरून त्या सीटवर बसवलं आणि गावातून दोन चकरा मारल्या. सगळ्यांनी बघावं म्हणून. गाडी हाफ सेल्फला चालू झाली आणि लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी माल भरून कुंडलिक एकटाच बसला. किल्ली फिरवली. सेल्फ नुसता कण्हला आणि गाडी ढिम्म.

तिथून जुन्या गाडीचे भोग सुरू झाले. झुंबर मिस्त्री म्हणाला, डिझेलच्या लाईननं एअर घेतलीय. हातपंप मारून चालू केली, ती कालव्याच्या पुलावर बंद पडली. हीटर प्लग बदलले. नोझल खोलले. बॅटरी नवी आली, सेल्फ नवा आला, क्लच प्लेटही बदलून झाली. प्लॉटवरचा पैसा घरी यायच्या आत गॅरेजात जाऊ लागला. एक दिवस झुंबरनं हात पुसले. "कुंडलिकराव, आता बदलायला काय राह्यलं न्हाय. गाडीत फॉल्टच न्हाय."

नेमकी त्याच वेळी रेश्मा जेवायला बोलवायला आली आणि उन्हाची तिरीप चुकवायला सहज डाव्या सीटवर बसली. कुंडलिकनं किल्लीला हात लावला मात्र, गाडी चालू झाली.

मग तसंच होऊन बसलं. रेश्मा शेजारी असली की गाडी चालायची, नसली की मेलेली. माल नासू द्यायचा नसेल तर बायकोला सोबत न्यायला हवं. सुरुवातीला ती कुरकुरली. मग कुरकुर थांबली. मग ती कुंडलिकच्या आधी उठून, वेणीफणी करून गाडीत जाऊन बसू लागली. केबिनमधे डिझेलच्या वासाखाली ओव्याचा वास यायचा. काचा खाली केल्या तरी जायचा नाही.

"कुणाकडं बघून हसतीस?" एकदा लासुर्ण्याजवळ त्यानं विचारलं.

"कुठं हसले?" रेश्मा म्हणाली, आणि तळहात त्याच्यापुढं धरला. "घ्या थोडा."

तळहातावर ओवा होता.

"हा... कुणी दिला?"

"असं काय करताय? तुमीच दिलात की आत्ता."

कुंडलिकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याला आधी भीती वाटली नाही, खरं सांगतो. त्याला मत्सर वाटला. बारा वर्षांत बायको त्याच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलली नव्हती. जिवंत माणसावर जळावं, त्याला चार शिव्या घालाव्यात. मेलेल्याला गाठायचं कुठं?

संध्याकाळी तो चंद्राबाईकडे गेला. ती ओट्यावर डाळ निवडत होती.

"वैनी, ती सीट कुणासाठी हुती?"

तिनं सुपातून डोळे वर केले नाहीत. "तुमाला ठावं न्हाय व्हय? ते म्हनायचे, मी काय तिला पळवून न्यायचा न्हाय. तिच्या नवऱ्यानंच आपल्या हातानं आणून बसवली, तरच ती माझी. तवर सीट मोकळी ठिवायची..." तिची बोटं डाळीत थांबली. "मी त्या टॉवेलावर बारा वर्षं जळले, भावजी. म्हणून तुमाला सांगितलं हुतं, बसवू नका. आन तुमी तिला ठेवणीतली साडी नेसवून बसवलीत."

कुंडलिक रात्रभर अंथरुणावर बसून राहिला, शेजारी झोपलेल्या रेश्माच्या पदराचं टोक मुठीत धरून. खड्ड्यात जाऊ दे ती गाडी. उद्या झुंबरला बोलवायचं, साखळी लावून ओढत न्यायची आणि भंगारात घालायची, असं त्यानं ठरवलं. पहाटे केव्हातरी त्याचा डोळा लागला.

जाग आली ती इंजिनच्या आवाजानं. मूठ रिकामी होती. गाडीची किल्ली उशाखाली जशीच्या तशी होती.

तो अनवाणी बाहेर धावला. उजाडत होतं, कालव्यावरून धुकं आलं होतं, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन दिवे तेवढे पिवळे. गाडी घुमत उभी होती. जवळ जाऊन बघतो तर डाव्या सीटवर रेश्मा बसली होती, ठेवणीतल्या साडीत. मांडीवर घडी घातलेला पांढरा टॉवेल. एका कडेला जळल्याचा काळा डाग.

ड्रायव्हरच्या बाजूची काच तेवढी आतून वाफेनं पांढरी झाली होती. वाफ जात होती, पुन्हा येत होती.

कुंडलिकनं दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तेही उघडेना. "रेश्मा... खाली उतर. मी हाय... रेश्मा, चुकलं माझं. मामाला मीच सांगितलं हुतं... उतर खाली..."

रेश्मानं मान वळवली नाही. नेहमीच्या घरच्या आवाजात म्हणाली, "बसा की मागं. कॅरेटवर."

गिअर पडला. गाडी हलली. कुंडलिक दोन पावलं सोबत पळाला, मग त्यानं मागचा फाळका धरला आणि हौद्यात चढला. बायकोला एकटीला जाऊ द्यायचं कसं? थंडी मरणाची होती. रिकाम्या कॅरेटवर बसून त्यानं नकळत ताडपत्रीचं टोक हातात घेतलं.

चंद्राबाईच्या दारावरून जाताना गाडी जरा हळू झाली. ती सडा टाकत होती. तिनं आधी डाव्या सीटकडे पाहिलं आणि तिचं तोंड कडू झालं. मग तिनं ड्रायव्हरच्या काचेकडे पाहिलं. हातातली बादली तिनं खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढं ओढला, घरधनी समोर आल्यावर ती नेहमी ओढायची तसा.