माकडटोपीत गुंडाळलेली डिस्क

पटो न पटो, हे घडलंय. माझी मावसबहीण मधुरा हिच्या घरी. आणि मधुरा उगाच बाता मारणाऱ्यांतली नाही.

विजयादशमीची दुपार. कोलकात्यात डमडमला त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली गल्लीत दुर्गापूजेचे ढाक, म्हणजे तिकडचे मोठे ढोल, वाजत होते.

तिचा सख्खा मोठा भाऊ सलील जाऊन वर्ष झालं होतं. प्रोग्रॅमिंग तिला त्यानंच शिकवलं. त्याचे फोटो, त्याचा आवाज, सगळं त्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होतं. ती डिस्क दुरुस्तीला घेऊन गेलेला तिचा नवरा नचिकेत हात हलवत परत आला होता.

"जळलीय गं. फेकून दिली दुकानदारानं."

मधुरा ओक्साबोक्शी रडली होती. त्याच्याच खांद्यावर.

त्या दुपारी नव्या लॅपटॉपवर तिचा पायथन भाषेतला प्रोग्रॅम चालेना. पायथन नेमका कुठल्या फोल्डरात बसलाय, ते विचारणारी कमांड तिनं दिली.

एक ओळ यायला हवी होती. दोन आल्या.

पहिली तिच्या फोल्डरची.

दुसरी... डी ड्राइव्ह, सलील, पायथन.

लॅपटॉपला डी ड्राइव्हच नव्हता. तो होता सलीलच्या जुन्या कॉम्प्युटरला.

तिनं पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

आणि मग... घर्रर्र.

जुनी डिस्क फिरताना येतो तो आवाज. नव्या लॅपटॉपात फिरणारी डिस्क नसतेच! तिनं तो बंद केला. खाली ढाकही थांबले.

घरघर थांबली नाही.

बेडरूममधून येत होती... कपाटातून... नचिकेतच्या हिवाळी कपड्यांच्या खणातून.

त्याच्या माकडटोपीत डिस्क गुंडाळलेली होती. वायर नाही, काही नाही. हाताला कोमट लागली.

नचिकेत दारात उभा होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"दादानं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, तू त्यातच अडकून पडली असतीस. म्हणून मीच सगळं पुसलं. फेकायला मात्र हात धजेना."

तिनं जोडून पाहिली. डिस्क कोरी करकरीत. आपल्याच माणसानं केसानं गळा कापला होता, आणि वर डोळेही त्यानंच पुसले होते.

कमांड दिली की दुसरी ओळ अजून येते. डिस्क जोडलेली नसली तरी.

मध्यंतरी त्यांच्याकडे जेवताना मी म्हटलं, "मधुरा, विकून टाक तो लॅपटॉप."

"त्या ओळीची भीती नाही वाटत रे," ती म्हणाली. "एक दिवस ती यायची थांबेल, त्याची वाटते."

नचिकेतनं ताटातून मान वर केली नाही.

तेवढ्यात बेडरूममधून... घर्रर्र.

मी हात धुतले आणि निघालो. त्यानंतर त्यांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही.