तारकरांची परात

सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) सिमेंटच्या परातीला इरावतीने कान लावला. काही ऐकू आलं नाही. दुसरा लावला, तरी नाही. दोन मजली उंच, समुद्राकडे तोंड केलेली ही अवाढव्य परात म्हणे दूरचं ऐकते. मग ऐकवत का नाही?

परात तिच्या आजोबांनी, ध्वनिशास्त्रज्ञ भालचंद्र तारकरांनी, तरुणपणी बांधलेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, रडार यायच्या आधी, इंग्लंडच्या किनाऱ्यावर अशा भिंती होत्या. शत्रूचं विमान दिसण्याआधीच त्याची घरघर पकडायची, की सावध व्हायला काही मिनिटं मिळत. माणसाने एवढा मोठा कान केला, तोही भीतीपोटी. पुढे रडार आलं आणि ते कान तसेच पडून राहिले. आजोबांनी कोकणात नमुना म्हणून एक उभारला, तेव्हा गाव हसलं होतं.

आता आजोबांनाच कमी ऐकू येई. कानातलं यंत्र भांड्यांची आदळआपटही मोठी करी, म्हणून त्यांनी ते डब्यात टाकलं होतं. इरावतीची आई गावोगाव औषधं पोचवणारं विजेवरचं विमान चालवी. शुक्रवारी ती समुद्रावरून परतताना पूर्वी सगळ्यांत आधी आजोबाच म्हणायचे, "आली." गेली दोन वर्षं मात्र लेक दारात उभी राहिली की ते दचकत आणि ओशाळं हसत. म्हातारा संपला, असं लोक खुशाल बोलत. लोकांचं काय जातं? इरावतीला ते हसू बघवत नसे.

आज शुक्रवार होता. ती आजोबांना ओढतच सड्यावर घेऊन आली होती. भिंत मुकी का, हे तिने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. उत्तराऐवजी त्यांनी तिच्या हातात रबरी चेंडू ठेवला. कधी डावीकडे, कधी उजवीकडे उभं राहून नाकासमोर भिंतीवर मारायला सांगितलं.

तिने मारला. डावीकडचा चेंडू आपटून आत वळला, उजवीकडचाही. दोन्ही वेळा तो करवंदीच्या जाळीपुढल्या एकाच दगडावरून गेला. सहाव्या खेपेला ती थांबली.

भिंत अंतर्वक्र (आत खोलगट) होती. दुरून येणाऱ्या ध्वनिलहरींचं तिच्यावर परावर्तन (आपटून मागे फिरणं) होई आणि सगळ्या लहरी नाभीत (त्या एका जागी) गोळा होत. भिंतभर विखुरलेला आवाज तिथे एकवटला, की मोठा होई. तोही फक्त समोरून आलेला. गावातली भांडी त्यात नाहीत.

"म्हणजे कान भिंतीला लावायचाच नाही," ती म्हणाली. "तिच्यापुढे उभं राहायचं."

तिने आजोबांना दगडावर उभं केलं. तोंड भिंतीकडे, पाठ समुद्राकडे. स्वतः चार पावलं बाजूला झाली आणि आकाश न्याहाळू लागली. वाऱ्याशिवाय काहीच नव्हतं. बराच वेळ गेला. आजोबांचे खांदे पडू लागले. उगाच आणलं यांना, असं तिला वाटलं.

आजोबांनी हात वर केला.

"आली."

इरावतीने कान टवकारले. आकाश रिकामं होतं.

"मला नाही ऐकू येत, आजोबा," ती त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली.

"कसं येईल? चुकीच्या जागी उभी आहेस तू," आजोबा म्हणाले, आणि दगडावर थोडे सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.