पालथा कप

ही गोष्ट सांगायला लागले की प्रत्येक जण आधी विचारतो, रात्री किती वाजता?

रात्री नाही. दुपारी चार वाजता. लख्ख उन्हात.

म्हणून तर मला ती खोटी म्हणता येत नाही. अंधारात माणूस घाबरतो, काहीही बघतो, काहीही ऐकतो. पण भर दुपारी, चहाच्या वेळेला, शुद्धीवर असलेल्या बाईने जे ऐकलं त्याला काय म्हणायचं? आणि ती बाई माझी सख्खी मावशी आहे. तिने तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. एक टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवायला लावायची. तिखटमीठ लावून सांगणं तिच्या स्वभावातच नाही. तिने जसं सांगितलं तसंच लिहिते आहे.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात बाकाच्या वर त्यांनी कॅलेंडरचं एक पान चिकटवून ठेवलं होतं. छोटंसं बेट, चार नारळ, वाळूत एक कॉटेज. "एकदा जायचं तिथे," असं ते वर्षानुवर्षं म्हणत राहिले. जगाची घड्याळं नीट करता करता त्यांना स्वतःला काही सवड मिळाली नाही.

म्हणून त्यांच्या मुलीने, आमच्या ताईने, तसंच एक कॉटेज शोधून काढलं. शनिवार ते बुधवार. ताई औषधाच्या दुकानात काम करते, तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी असतं. आईच्या दुखण्यावर तिला समुद्र सुचला.

कारण मावशीचं एक चालू होतं. रोज सकाळी आणि रोज दुपारी चारला ती काकांसाठी चहा करायची. त्यांच्या कपात ओतायची, त्यांच्या खुर्चीपुढे ठेवायची. चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची. मग ती तो मोरीत ओतून द्यायची. हे रोजचं. त्या दहा मिनिटांत हे इथेच कुठेतरी आहेत असं तिला वाटायचं. तेवढ्यावरच तिचे दिवस निघत होते. "ते वाटणं पण गेलं ना," ती एकदा मला म्हणाली होती, "तर मग मी खरंच एकटी झाले."

कप पांढरा, निळ्या काठाचा. कानाजवळ एक टवका उडालेला.

तो कप, बशीसकट, मावशीने काकांच्या मफलरमध्ये गुंडाळला आणि बॅगेत तळाशी ठेवला. ताईला तिने सांगितलं नाही.

सगळं तिथूनच सुरू झालं.

कॉटेज अगदी साधं होतं. एक खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या आणि एक स्टूल. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, नळ, नळाशेजारी भांडी निथळत ठेवायची जाळी. खाऱ्या हवेने मीठ ओलं व्हायचं आणि काडेपेटी हमखास दगा द्यायची. कपाटाच्या दाराला एक कागद लावलेला होता. स्वयंपाक आपला आपण करा. भांडी घासून पालथी घाला. जाताना किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावा.

कॉटेज सांभाळणारी बाई आली. तिने कपाटाचं कुलूप काढलं, मोजून दोन ताटं, दोन पेले, दोन कप बाहेर ठेवले आणि परत कुलूप घातलं.

"माणसं दोन, कप दोन," ती म्हणाली. "जास्तीचं भांडं मांडू नका."

मावशीला वाटलं, काय चिकट बाई आहे. आम्ही तुमचे कप पळवून नेणार आहोत का, असं तिने हसत विचारलंही.

ती बाई हसली नाही.

रविवारी दुपारी ताई पोहायला गेली. चार वाजले. मावशीने दोन कप चहा केला, काकांचा कप बॅगेतून काढला, त्यात ओतला आणि व्हरांड्यातल्या दुसऱ्या खुर्चीपुढे स्टुलावर ठेवला. मग दुधावर झाकण ठेवायला आत गेली. दोन मिनिटंही झाली नसतील.

परत आली तर...

कप रिकामा होता.

सांडला नव्हता. स्टूल कोरडं, खाली वाळू कोरडी. आसपास कावळा नाही, मांजर नाही. तिने कपाला हात लावला. कप अजून गरम होता.

मावशी घाबरली नाही. ती खुर्चीच्या पायाशी खाली बसली आणि हमसून हमसून रडली. "आलात होय," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावायची ती माणसाने."

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. ताईला वाटलं, समुद्र लागू पडला.

सोमवारी दुपारी परत चार. ताई रोजच्यासारखी पोहायला गेलेली. परत दोन कप. या वेळी मावशी मुद्दाम आत गेली. पलंगावर बसली, दाराकडे पाठ करून. नवीन लग्न झाल्यासारखी लाज वाटत होती, असं तिने मला सांगितलं, आणि सांगतानाही तिचे कान लाल झाले होते.

बाहेर लाटांचा आवाज येत होता. बाकी काही नाही.

मग...

वेताची खुर्ची करकरली. कोणीतरी सावकाश बसल्यासारखी.

बराच वेळ शांतता. मग खुर्ची परत करकरली. पावलं आत आली. तिच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, स्वयंपाकघरात गेली.

नळ सुटला.

कप चोळल्याचा आवाज आला. ओल्या चिनी मातीवर बोट फिरवलं की होतो तसा. चुईं... चुईं... मग नळ बंद झाला.

मावशी उठून आत गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. काकांचा कप जाळीवर पालथा घातलेला होता. फडक्याची चौकोनी घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवलेला.

तिने फरशीकडे पाहिलं. ताई येता जाता पायाने वाळू आणायची, घरभर वाळूचा पातळ थर होता. व्हरांड्यापासून नळापर्यंत मावशीची स्वतःची पावलं होती.

दुसरी कोणाची नव्हती.

तरी ती मनातल्या मनात हसली. कारण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात काकांनी कप म्हणून कधी विसळला नव्हता. चहा प्यायचा आणि हाताला येईल तिथे कप ठेवून द्यायचा. वर्तमानपत्रावर, कपाटावर, तिच्या शिवणयंत्रावर. घरातली एक वस्तू अशी नव्हती जिच्यावर त्यांच्या कपाचा गोल डाग नव्हता. त्यावरून ती त्यांना जन्मभर बोलली होती. आता गेल्यावर का होईना अक्कल आली म्हणायची, असं तिला वाटलं.

पण ती घडी तिच्या डोक्यातून जाईना. काका फडक्याचा बोळा करायचे.

मंगळवारी सकाळी सांभाळणारी बाई पिण्याच्या पाण्याचा कॅन घेऊन आली. जाळीवर तीन कप पालथे दिसले तशी ती दारातच थांबली.

"हा तिसरा कोणाचा?"

मावशीने सांगितलं, माझ्या यजमानांचा. ते नाहीत आता.

बाईने कॅन खाली ठेवला. मग हळूहळू तिने सांगितलं ते एवढंच. पूर्वी एक पाहुणा आला होता. एकटाच. शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. जायच्या दिवशी त्याने भांडी घासली, पालथी घातली, फडक्याची घडी केली, किल्ली खिळ्याला लावली. बॅग भरून दाराशी ठेवली.

"लाँचवर काही तो पोचला नाही," ती म्हणाली. "पाण्यात पण सापडला नाही. बॅग तेवढी दाराशी राहिली."

"मग?"

"मग काही नाही. तो वाईट नाहीये. कुणाला त्रास देत नाही. त्याला फक्त निघायचंय." ती उठली. "कोणीतरी चला म्हणायची वाट बघतोय, असं मला वाटतं. तुम्ही म्हणू नका म्हणजे झालं."

मावशीचा विश्वास बसला नाही. बसू द्यायचाच नव्हता तिला. त्या दुपारी तिने शेवटचा चहा केला. काकांना लागायची तशी तीन चमचे साखर घातली. स्टुलावर ठेवला, आत येऊन पलंगावर बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

काका चहा बशीत ओतून प्यायचे. फुर्रर्र असा आवाज करत. तो आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा, पाहुण्यांपुढे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज तिला तेवढा एक आवाज हवा होता.

खुर्ची करकरली.

ती थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच ना?"

लाटा फुटत होत्या. फुर्रर्र काही आलं नाही. कोणीतरी आवाज न करता, सभ्यपणे, दुसऱ्याच्या घरी प्यावा तसा चहा पीत होतं.

मग पावलं. नळ. चुईं... चुईं...

ती बाहेर गेली तेव्हा बशी तशीच स्टुलावर होती. तिने बोट फिरवून पाहिलं. बशी कोरडी होती. रविवारी, सोमवारी पण कोरडीच असणार, तेव्हा तिने बघितलं नव्हतं.

हे आले नव्हते. एकदाही आले नव्हते.

मावशीच्या अंगावर काटा आला तो तेव्हा. आणि भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी तिच्या छातीत रुतलं. तीन दिवस तिने एका परक्या माणसाला ह्यांच्या जागी बसवलं होतं, ह्यांच्या कपातून पाजलं होतं, अहो म्हटलं होतं.

तिने जाळीवरचा कप उचलला, मफलरमध्ये गुंडाळला, बॅगेच्या तळाशी घातला. ताईला अक्षरही सांगितलं नाही. बुधवारी सकाळी चहा केला तो मोजून दोन कप.

लाँच दहाला होती. ताई सामान घेऊन पुढे गेली. मावशीने शेगड्या बघितल्या, खिडक्या लावल्या. बॅग उचलली आणि उंबरठ्यावर आली.

आता हे तुम्हाला कळायचं तर मावशीची एक सवय माहीत हवी. काका कुठूनही निघताना रेंगाळायचे. चष्मा राहिला, पाकीट राहिलं, जरा पाणी पितो. एक्केचाळीस वर्षं मावशी प्रत्येक दारात उभी राहून, मागे वळून न बघता, एकच म्हणत आली होती. तोंडाला वळणच पडलं होतं.

त्या दिवशीही ते निघून गेलं.

"चला हो."

शब्द तोंडातून गेला आणि तिला सांभाळणाऱ्या बाईचं बोलणं आठवलं.

पाठीमागे खुर्ची करकरली...

ती वळली नाही. किल्ली तिने खिळ्याला लावली. लाँचवर ताईने विचारलं, आई, एवढी पांढरी का पडलीस? ऊन लागलं, असं मावशी म्हणाली.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. बॅग तिने उघडलीच नाही, तशीच पलंगाखाली सरकवली. सकाळी उठून स्वयंपाकघरात गेली तर...

निळ्या काठाचा कप जाळीवर पालथा होता. मफलरची चौकोनी घडी ओट्यावर.

मी तिच्याकडे गेले ती पंधरा दिवसांनी, आणि हे सगळं मला तेव्हा कळलं. चारचा सुमार होता. तिने तीन कप चहा केला. तिसरा कप तिने काकांच्या खुर्चीपुढे ठेवला आणि मला बाल्कनीत नेऊन सगळं सांगितलं.

कप कुठेतरी लांब टाकून दे, असं मी म्हटलं. ह्यांचा आहे गं, ती म्हणाली. मी म्हटलं, मग निदान चहा तरी ठेवू नकोस. तेही करून बघितलं होतं तिने. चारला तो येऊन बसतोच. रिकामा कप विसळतो, पालथा घालतो.

"भीती नाही वाटत तुला?"

"त्याची नाही वाटत. बिचारा कसलाच त्रास देत नाही. घरातल्या वस्तूंवर एक डाग पडला नाही बघ तो आल्यापासून."

ती हसायला गेली, पण तिचे डोळे भरून आले.

"अकरा महिने मला वाटायचं गं, हे इथेच आहेत. आता नाही वाटत. ती खुर्ची भरलेली असते ना." तिने पदराने डोळे पुसले. "हे आलेच कधी, तर बसतील कुठे?"

 

निघताना मी दारात चपला घातल्या. मावशी उंबरठ्याशी उभी होती. कोणाकडूनही निघताना आपण सगळे जे म्हणतो तेच माझ्या ओठांवर आलं होतं. चला, निघते मी.

मावशीने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

आत स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. कोणीतरी फडक्याला हात पुसून थांबलं होतं.

मी काही न बोलता जिना उतरले. तेव्हापासून मी कोणाच्याच दारात चला म्हणत नाही. लोकांना वाटतं, मला शिष्टपणा आलाय.