उतरता खांदा

"घे गं बाई, माझं झालं!"

आईने स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग, दोन्ही घडी करून थोरलीच्या हातांत दिले आणि विणायच्या सुया खिडकीत अशा काही निश्चयाने ठेवल्या, की त्या एवढ्याशा आवाजानेही थोरलीच्या काळजात चर्र झालं. गेलं वर्षभर आईच्या हातांना कंप सुटला होता, एका डोळ्याने नीट दिसेनासं झालं होतं, चार ओळी विणल्या की ती मान मागे टाकून डोळे मिटून बसायची... आणि तरीही कुणाला हात लावू न देता तिने हे पुरं केलं होतं.

थोरलीने घडी उलगडून उजेडाकडे धरली आणि तिला ते दिसलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. उगीच उन्नीस-बीस नाही, चांगला बोटभर!

"काय बघतेस एवढं?" आईने विचारलं. तिच्या आवाजात लहान मुलीसारखी उत्सुकता होती.

"काही नाही. सुंदर झालंय, आई."

"एवढंच?"

"मग आता काय, टाळ्या वाजवू?"

आई हसली; पण हसता हसता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मालवल्यासारखं झालं. थकली बिचारी, असं थोरलीला वाटलं. तिने ती चूक हातातल्या हातात दुमडून झाकून टाकली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या घरात कुठलाही स्वेटर कधी एकटीचा नसायचा. अंग आईने विणायचं आणि बाह्या थोरलीने. आईला बाह्यांचा मनस्वी कंटाळा. "एक संपवून हुश्श म्हणावं, तर दुसरी तशीच्या तशी समोर उभी! देवाने माणसाला एकच हात दिला असता तर काय बिघडलं असतं?" असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी स्वतःच हसायची. थोरलीच्या हातात पहिल्यांदा सुया आल्या त्या अशा, आईचा कंटाळा निस्तरायला. आणि मग त्या सुटल्याच नाहीत. नात्यातल्या, ओळखीतल्या, कुणाकुणाच्या अंगावर त्या दोघींचं काम असायचं. लोक आईचं कौतुक करायचे. अंगावरची नक्षी दिसते, तिची फुलं दिसतात. बाहीकडे कोण बघतं? बाही फक्त चुकली तरच दिसते!

आता पन्नाशी उलटल्यावर, अंगठ्याचं मूळ ठणकायला लागल्यावर, थोरलीच्या मनात कधी कधी येऊन जायचं, की आपण आयुष्यात एकही वस्त्र सबंध असं विणलं नाही. ऐन उमेदीत तिला एका मोठ्या कारखान्यात विणीचे नमुने आखायची नोकरी चालून आली होती. डोक्यात नमुन्यांची नुसती गर्दी होती तेव्हा! पण वडील अचानक गेले, धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं, आईला एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं. ती राहिली. कुणी तिला रहा म्हणालं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही. धाकटी मात्र शिकली, दूरच्या शहरात गेली, तिचा संसार झाला. आणि दर थंडीला तिच्या नावाचं पार्सल या घरातून निघत राहिलं.

थोरलीसाठी आईने एकदाच विणलं होतं. ती तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागली होती. स्वेटर अंगात घालून ती आरशासमोर उभी राहते न राहते, तोच धाकटीने भोकाड पसरलं, "मला का नाही? मला हाच हवा!" थोरलीने तो तिथल्या तिथे काढून दिला. "समजूतदार आहे हो माझी थोरली," आई म्हणाली होती. तो शब्द तिच्या अंगाला असा चिकटला, की त्यानंतर तिच्यासाठी काही करावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. निदान तिची तरी तशी समजूत होती. आईकडे तिने कधी काही मागितलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, न मागता आपल्यासाठी आईच्या सुया चालाव्यात, ही आस मात्र तिच्या अंतःकरणाच्या तळाशी इतकी वर्षं तशीच पडून होती.

हा स्वेटर सुरू झाला तेव्हा आईने लोकरीचा गुंडा तिच्यापुढे धरला होता. पिकल्या जांभळाचा गर्द रंग. "कसा वाटतो?"

"छान आहे. शोभेल तिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? धाकटीला!"

आईने गुंडा परत मांडीवर घेतला. "हं," एवढंच म्हणाली आणि टाके घालायला लागली. अंगाने दोघी बहिणी सारख्याच, फरक होता तो हातांत. धाकटीचे हात लांबसडक. थोरलीने त्या मापाने बाह्या विणून ठेवल्या. त्या बघून आई काय ते पुटपुटली, "करशील... नंतर कमी करशील," असं काहीसं; थोरलीने ते म्हातारपणाच्या खाती टाकून दिलं.

स्वेटर हातात दिला त्याच आठवड्यात आईला श्वास पुरेना, आणि तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. धाकटी निरोप मिळताच धावत आली. दोघींनी पाळ्या लावून घेतल्या. आपली पाळी नसलेल्या एका दुपारी थोरली घरी आली, आईच्या खुर्चीत बसली आणि तिने तो खांदा उसवायला घेतला.

आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात येण्याआधी हे नीट व्हायला हवं, एवढं एकच तिच्या मनात होतं. जिच्या हाताचे टाके मोजून लोक थक्क व्हायचे, तिचं अखेरचं काम असं वाकडं राहावं? लोकर ओढावी तशी सरसर सुटत होती आणि सुटलेल्या धाग्यात आईच्या एकेका टाक्याची नागमोड तशीच राहिली होती. बोटांवर गुंडाळताना ती हातांना जाणवत होती... तिने आधी पाठीचा, मग पुढच्या भागाचा, असे दोन्हीकडचे उजवे खांदे उसवून सरळ विणले, डाव्याशी जोखून पाहिले, बाह्या जोडल्या. कुठे काही चुकलं होतं, अशी खूणसुद्धा उरली नाही!

संध्याकाळी ती आईच्या खाटेशी बसली तेव्हा आईला बोलायचे श्रम होत होते. तरी तिने विचारलंच.

"जोडलंस?"

"जोडलं, आई. सगळं झालं."

"उजव्या खांद्याकडे... नीट बघितलंस ना?"

म्हणजे आईला ठाऊक होतं तर! आपलं चुकलंय ही टोचणी लागून राहिलीय बिचारीला... थोरलीचा जीव कळवळला. तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. "बघितलं गं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी उसवून सरळ केला. आता दोन्ही अगदी सारखे झालेत, कुणाला कळायचंसुद्धा नाही. अगं, या वयात होतं असं!"

आई तिच्याकडे बघत राहिली. केवढा वेळ! तिच्या डोळ्यांत पाणी भरत गेलं, कडांपर्यंत आलं आणि कानशिलावरून खाली ओघळलं. मग तिने थोरलीच्या हातातला आपला हात अलगद सोडवून घेतला आणि तिच्या गालावर ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली.

त्या रात्री पाळी धाकटीची होती. नंतर आई थोरलीशी काही बोलली नाही. एका पहाटे तिचा श्वास थांबला, तेव्हा दोन्ही मुली तिच्याजवळ होत्या.

माणसं आली, गेली. भांडी विसळून जागच्या जागी लागली. समोरच्या काकू रोज एकदा दार ढकलून, "जेवलात का गं पोरींनो, का नुसत्याच एकमेकींची तोंडं बघताय?" असं दरडावून जायच्या. धाकटीची निघायची वेळ आली, तशी थोरलीने कपाटातून तो स्वेटर काढला.

"घे. आईने तुझ्यासाठी शेवटचं विणलेलं. घालून दाखव, बाह्या बघते."

धाकटी दोन पावलं मागे सरकली. "राहू दे ना ताई. नंतर घालेन."

"नंतर कधी? परक्यासारखं काय करतेस? घाल बघू!"

धाकटीने तो घातला. बाह्या मनगटावर अगदी बेतल्यासारख्या बसल्या. थोरली समाधानाने पुढे झाली, गळा सारखा करू लागली, आणि मान वर करून तिने धाकटीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांतून नुसत्या धारा!

"अगं, असं काय? आईची आठवण..."

"हा माझा नाहीये, ताई!"

"म्हणजे?"

"मी सांगणार नव्हते... मी वचन दिलंय आईला. पण अंगावर नाही गं सहन होत हा!" धाकटी स्वेटर उतरवून छातीशी धरून मटकन खाली बसली. "हा तुझा आहे. पहिल्या टाक्यापासून तुझाच होता. मला फोनवर म्हणाली होती, थोरलीसाठी घातलाय, बोलू नकोस. कळलं तर ती लगेच धाकटीच्या मापाचा करायला लावेल मला. पुरा करून तिच्या हातात देईन, म्हणाली, आणि तिचं तिला दिसेल."

"काय दिसेल?"

"खांदा!"

थोरली भिंतीला टेकली. आपण काय ऐकतोय हे कळत होतं आणि कळूही नये असं वाटत होतं.

"मी तापाने फणफणले होते ना लहानपणी," धाकटी हुंदके आवरत सांगू लागली, "आई सारखी माझ्याजवळ हॉस्पिटलमध्ये. तू जिन्यावरून पडलीस, आणि तिला त्रास नको म्हणून कुणाला बोललीच नाहीस. तिने तुला जवळ घेतलं तेव्हा कुठे तू ओरडलीस. तोवर उजव्या खांद्याचं हाड वाकडं जुळून गेलं होतं. आई ते कधी विसरली नाही, ताई! मला म्हणाली, माझ्या पोटची पोर मोडका खांदा घेऊन घरात वावरत होती आणि मला दिसलं नाही. तू ओट्यापाशी पाठमोरी उभी असायचीस ना, तेव्हा ती खुर्चीतून बघायची. माप लावता येत नव्हतं तुला, नुसतं बघून बघून काढलं तिने."

थोरलीने धाकटीच्या हातातून स्वेटर ओढून घेतला आणि खांदा उलटसुलट करून पाहू लागली, जणू कुठे काही शिल्लक असेल! काही नव्हतं. सरळ, सपाट, निर्दोष खांदा... आणि तेव्हा तिला उमगलं. चूक असती तर ती एका बाजूला झाली असती. पाठीला एक आणि पुढे एक, असं दोन्हीकडे तंतोतंत तेवढंच कुणी चुकत नाही! दोन्ही भाग तिने स्वतःच्या हातांनी उसवले होते. जन्मभर विणकाम केलेल्या तिला एवढं दिसू नये? पण ती खांदा बघतच नव्हती. ती आईचं म्हातारपण बघत होती.

"मी तिला म्हटलं..." थोरली म्हणाली. "मी तिला तोंडावर सांगितलं, या वयात होतं असं!"

"त्याच रात्री आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, थोरलीने खांदा सरळ केला. आता हा तूच घे, आणि तिला बोलू नकोस. कळलं तर तिला फार लागेल."

वडील गेले तेव्हा थोरली रडली नव्हती, नोकरीचं पत्र परत धाडताना रडली नव्हती, आई गेली तेव्हाही सगळ्यांना पाणी देत फिरत होती. ती आता जमिनीवर बसून, तोंडात पदराचा बोळा धरून रडली... आणि धाकटी, जिला जन्मात कुणाची समजूत घालायची वेळ आली नव्हती, ती तिला मिठीत धरून वेड्यासारखी डुलत राहिली.

"तुला वाटायचं ना, आईचा सगळा जीव माझ्यावरच?" बऱ्याच वेळाने धाकटी म्हणाली. "फोनवर पाच मिनिटं बोलली, तर चार मिनिटं तुझंच. थोरलीने असं केलं, थोरली तसं म्हणाली. मी जळायचे गं तुझ्यावर. आणि तुझ्याच बाह्यांत हात घालून ऊब घेत बसायचे."

थोरलीने डोळे पुसले. हुंदका अजून पुरता थांबला नव्हता; पण हात सवयीने कात्रीकडे गेला आणि जोडाचा दोरा शोधू लागला.

"काय करतेस?"

"उसवते. परत विणते, तिने केला होता तसा."

"जमेल?"

"तिच्यासारखा? नाही जमायचा." ती थांबली. "आणि तो उतार किती होता, ते आता कोण सांगणार? मला माझी पाठ दिसत नाही."

धाकटी उठली. तिला टाका घालतासुद्धा येत नव्हता. तिने थोरलीला हाताला धरून उभं केलं, खिडकीतल्या उजेडाकडे पाठ करून वळवलं आणि मागे उभी राहून ती बघत राहिली. मग आपला तळवा तिने त्या खांद्यावर ठेवला आणि बोटं हळूहळू मानेपासून खाली, हाडाच्या त्या वाकड्या गाठीवर आणली.

"दुखतं का गं अजून?"

कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. की विचारलं होतं आणि तिनेच कधी ऐकलं नव्हतं? थोरलीने नाही म्हणायला तोंड उघडलं...

"हो," ती म्हणाली. "दुखतं."