दुसरं मत

लखनौच्या गोमती नगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मे महिन्यात एकच खोली बसण्याजोगी असायची, कूलरची. ती स्वरदानं बळकावली होती. नवरा अभिजित कुरकुरायचा, पण त्याचं ऐकतंय कोण? बाई खगोलशास्त्रज्ञ. दीर्घिका कशा वाढतात, एकमेकींना कशा गिळतात, हा तिचा विषय. दिसायला अगदी शांत, एकटी दीर्घिका असली तरी तिनंही कधीकाळी दुसरीला पोटात घातलेलं असतं आणि त्याची खूण म्हणून ताऱ्यांची एक पुसट शेपटी मागे उरते, असं स्वरदाचं म्हणणं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती. आता चिलीतली मंडळी तिच्याच निबंधावर भिस्त ठेवून दुर्बीण कुठं रोखायची ते ठरवत होती.

कामाचा नियम एकच, पण कडक. दीर्घिकेच्या प्रत्येक चित्रात शेपटी आहे की नाही ते दोघांनी बघायचं, एकमेकांना न विचारता. पहिलं मत स्वरदाचं, दुसरं साताऱ्याच्या हृषीकेशचं. हृषीकेश दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. दुसरी मतं मग पुण्याच्या वसुधानं अंगावर घेतली, पण तिची नोकरी सांभाळून ती देणार तरी किती? काम रखडलं.

आणि एप्रिलमध्ये दुसरी मतं आपोआप भरली जाऊ लागली. संशोधन गटाच्या वेबपानावर, एकेका चित्राखाली, मराठीत. "डावीकडे खाली बघ. शेपटी आहे. येतो."

स्वरदानं वसुधाला फोन लावला. "चेष्टा पुरे हं."

"तुझी शप्पथ, मी नाही," वसुधा म्हणाली. "शेवटी 'येतो' कोण लिहायचं, आठवतंय ना तुला?"

आठवत होतं. पण हृषीकेशचं खातं केव्हाच बंद झालं होतं. स्वरदानं डावीकडे खाली डोळे फाडून पाहिलं, तिथं काही म्हणता काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात चिलीहून त्याच दीर्घिकेचं जास्त वेळ दुर्बीण रोखून टिपलेलं चित्र आलं आणि त्यात शेपटी होती. तिच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर आनंदही झाला.

घोळ घातला तो अभिजितनं. गडी आलमबागेत वाढलेला, रेल्वे इंजिनियरचा मुलगा. मराठी बहुतेक कळतं, उत्तर मात्र हिंदीत. रविवारी चहा घेऊन आला आणि पडद्यावर त्याची नजर गेली.

"अच्छा, कोई आ रहे हैं? बताया नहीं तुमने!" आणि लखनवी अदबीला जागून पठ्ठ्यानं खाली टाइप करून टाकलं : ज़रूर आइए.

"अरे, काय केलंस हे! निघताना म्हणतात ते 'येतो'. निरोप असतो तो!"

"जा रहे हैं, तो आता हूँ क्यों बोलते हैं, यार?"

स्वरदाला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या चित्राखाली एकच शब्द होता. "आलो."

त्यानंतर 'येतो' कधीच आलं नाही. मतं मात्र येत राहिली, आणि आता स्वरदानं चित्र उघडायच्या आत.

जूनच्या सुरुवातीला हॉलंडहून गटाच्या प्रमुखबाईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. गेले काही आठवडे दोन्ही मतं एकाच कंप्यूटरवरून येताहेत, तुमच्या घरातल्या. याचं काही कारण सांगू शकाल का?

त्या खोटारडी म्हणाल्या नाहीत, पण अर्थ तोच होता. दोन्ही मतं एकीनंच भरली असं ठरलं, की दहा वर्षांच्या कामावर पाणी. चिलीच्या लोकांना काय तोंड दाखवायचं?

स्वरदा रडली नाही, संतापली. "एप्रिलपासूनची सगळी चित्रं पुन्हा बघते," ती म्हणाली. "कागदावर छापून. वसुधा इथं येईल. एका खोलीत बसू, ती माझी साक्षीदार, मी तिची." आलेली दुसरी मतं तिनं एकजात पुसून टाकली. मग रिकाम्या खोलीत मोठ्यानं बजावलं, "हृषीकेश, असशील तर ऐक. तुझं एकही मत मला नकोय. माझं काम मी करीन."

वसुधा आली. दोघी सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसल्या, म्हणजे एकीचा कागद दुसरीला दिसायला नको. बोलायचं नाही, असं ठरलं. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता आणि कूलरच्या घरघरीत बारीकसारीक आवाज ऐकू येत नव्हते. स्वरदा डोळ्यांत तेल घालून एकेक चित्र हातावेगळं करत होती. हात असा चालत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. दुपारभर वसुधाची पाठ टेकायला होती. त्या उकाड्यात ती गार लागत होती आणि बरं वाटत होतं.

शेवटची दोन चित्रं उरली.

"साखर किती घालू गं?" वसुधानं विचारलं.

स्वयंपाकघरातून.

"माझं कधीच आटोपलं," ती तिथूनच ओरडली. "तू इतकी गढली होतीस, म्हटलं उठवायला नको."

स्वरदाचा हात थांबला. तिनं मागे पाहिलं नाही.

पाठीला पाठ अजून टेकलेली होती.

उठून पळावं, असं तिला फार वाटलं. पण उठली तर ही दोन राहतील, आणि राहिली तर सगळंच राहील. तिनं दात आवळले. चित्र जवळ घेतलं, बघितलं, मत लिहिलं. मग शेवटचं घेतलं. त्यात तिला शेपटी दिसली नाही. 'नाही' असं तिनं ठसठशीत लिहिलं.

पाठीला टेकलेली ती गार पाठ हळूच हलली. शेजारच्याचा कागद बघायला माणूस मान वळवतो ना, तशी.