हिरवा ठिपका

त्या दुपारी मी मुलीला चहा द्यायला तिच्या खोलीत गेलो होतो. एवढंच.

मी सुतार माणूस, शाळा चौथीपर्यंत. मुलगी मात्र मोठ्या आयटी कंपनीत लागली. घरूनच काम करायची. कंपनीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तिच्या कंपनीच्या विम्यातून झाली. खुर्चीसुद्धा त्यांनीच पाठवली; उलटी करून पाहिली मी, काम चोख होतं. एकच गोष्ट मला पटली नाही. स्क्रीनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा. पाच मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा व्हायचा, आणि लगेच साहेब विचारायचा, कुठे आहेस. म्हणून ती जेवायला उठली की मी बसायचो माउस हलवत.

"बाबा, रंध्यावर बसलेला हात तुझा. साहेबाला कळणारही नाही," ती हसायची.

त्या दुपारी तिचं अंग तापलं होतं.

"दहा मिनिटं पडते रे. ठिपका सांभाळ."

ती मागच्या पलंगावर झोपली. मी माउस हलवत बसलो. खिडकी बंद, यंत्राची बारीक घरघर, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. तासभर झाला, दोन झाले. मला डुलकी लागली.

दचकून पाहिलं तर ठिपका पिवळा. घाईनं माउस हलवला. हिरवा झाला. त्याच वेळी मागे पलंग करकरला.

ती उठून बसली होती. ताप उतरला होता. समोरचा गार चहा, वर साय धरलेली, तिनं एका दमात संपवला.

लहानपणापासून ती शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवायची. मी कप पाहिला. कोरडा.

आठवड्यात तिनं नोकरी सोडली. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला. मला बरं वाटायला हवं होतं. पण कप रोज कोरडाच. आणि माझा उजवा हात थांबेना. टेबलावर ठेवला की आपोआप पुढे-मागे सरकायचा. म्हटलं, वय झालं.

मग एका दुपारी तिच्या कंपनीतल्या मैत्रिणीचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"नोकरी सोडली म्हणतेस, आणि ठिपका तर हिरवा आहे की गं तुझा. कुणाला बसवलंयस?"

मुलगी हसली नाही. तिनं माझ्या सरकणाऱ्या हाताकडे पाहिलं. मग हळूच आपला तळवा त्यावर ठेवला आणि दाबून धरला. तळवा गार होता.

मैत्रीण साहेबाच्या तक्रारी सांगत राहिली. मग मध्येच थांबली.

"अगं... पिवळा झाला. थांब, तुझा मेसेज आलाय."

"वाचू नकोस," मुलगी म्हणाली.

"लिहिलंय... बाबा, थांबू नको रे. मी अजून इथंच पडलेय..."

मी हात ओढून पाहिला. तिनं सोडला नाही. दुसऱ्या हातानं फोन बंद केला, माझ्यापुढचा कप उचलला आणि थेंबही न ठेवता प्यायली.

आता ती आतल्या खोलीत आहे, म्हणून तुला सांगतोय. माझा हात टेबलाखाली आहे. त्याचा आवाज येत नाही ना?